एक पॉइंट आठ ते सोळा

सीताबर्डीवरून आणली, जुनी, पन्नासची लेन्स.
तीन दिवसांत परत करता येते. बिल नाही, शब्द आहे.
म्हणून आज दुपारी चारला रोहण्यातल्या बंद जिनिंगच्या भिंतीवर
मैद्याच्या खळीनं पेपर चिकटवला:
चार कोपऱ्यांना चार पानं, एक मधोमध.
तिवईचे पाय मातीत रोवले,
पिशवीत दोन विटा घालून खाली लटकवली
आणि प्रज्वल थूलला सांगितलं, श्वास घे, पण हलू नको.
"मी काऊन?" म्हणाला. "फोटो तं भिंतीचा हाय."

एक पॉइंट आठ.
सेकंदाचा पाचशेवा हिस्सा.
मोठं करून पाहिलं: मधल्या पानावर कापसाचे भाव वाचता येतात,
पण प्रत्येक अक्षरावर दुधाची साय.
कोपऱ्यात तर छपाई नाहीच,
पाण्यातून गेलेली मुंग्यांची रांग.

दोन पॉइंट आठ. साय निघाली.
चार. चुन्याच्या भेगा वर आल्या,
"विडी ओढू नये" मधल्या विडीचा उडालेला पोपडा.
पाच पॉइंट सहा.
आठला
उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, कुणीतरी जाहीर करत होतं
की यापुढे तिचं नाव सासरचं नव्हे, माहेरचंच धरावं.
एवढुशी अक्षरं. अनुस्वारासकट.
प्रज्वलनं मोठ्यानं वाचलं
आणि मग उगाचच चपलेनं माती उकरली.

अकराला काही कळलं नाही. सोळाला कळलं:
भोक फार बारीक केलं की उजेडच काठाला घासून फाकतो,
सुईत ओवताना दोऱ्याचं टोक फुटतं तसा.
सगळीकडे सारखं, आणि सगळीकडे जरासं पुसट.

वहीत लिहिलं: आठ उत्तम. डावीकडे मऊ.

डावीकडे का मऊ, म्हणून तो कोपरा ताणून पाहिला
तर पानाच्याही पलीकडे, वजनकाट्याच्या ओट्यावर,
कौतिकाबाई नेवारे.
सातही फोटोंत.
आम्ही यायच्या आधीपासून अंबाडीची फुलं सोलत बसलेली,
लाल पाकळ्या टोपल्यात, बोंडं खाली.

एक पॉइंट आठला तिचा हात थांबलेला आहे,
पण भिंगाची कड तिला विरघळवते.
सोळाला भिंग तिच्यापर्यंत बरंच पोचतं,
पण पडदा सेकंदाचा सहावा हिस्सा उघडा राहतो
आणि तेवढ्यात हात फुलावरून निघून जातो,
मागे नुसती लाल रेघ.
मधल्या पाचांत थोडं हे, थोडं ते.
दोनदा हिशेब केला.
या लेन्सीत, या उजेडात, त्या जागी बसलेली बाई
धड दिसेल असा आकडा नाही.

"माहा फोटू निंगाला का गा?"
"निघाला मावशी. पण कोपऱ्यात."
"मंग मधात येऊन बसू का?"
विचारता विचारताच टोपलं उचलून आली
आणि कापसाच्या भावापुढे बसली.
पान झाकलं गेलं. आता मोजायचं काय?
ऊन धुराड्यामागे उतरलेलं, आठ परवडेना.
पुन्हा एक पॉइंट आठ.

एका डोळ्याची पापणी आली,
पापणीवरची अंबाडीची कूस आली.
दुसरा डोळा कानाकडे जाता जाता साय झाला.
तिला दाखवलं. बराच वेळ पाहत राहिली.
"बराबर हाय," म्हणाली. "त्या डोयानं मलेबी असंच दिसते."

बर्डीवरून फोन आला. "काय भाऊ, शार्प हाय ना?"
प्रज्वल भिंतीवरचे कागद नखानं खरवडत होता,
नाव बदललेल्या बाईचा तुकडा काही केल्या सुटत नव्हता.
मी म्हटलं, उद्या सांगतो.